स्नॅपच्या आधी कोण हललं? हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनवर उभं राहणाऱ्या पंचांसाठी, अगदी पायरी पायरीने

आपल्यातले बरेच जण आता इकडे अमेरिकेत शाळेच्या फुटबॉलला ऑफिशियल म्हणजे पंच म्हणून उतरायला लागलेत, बहुतेकांची सुरुवात मुलगा टीममध्ये गेला आणि शनिवारी सकाळी मैदानावर उभं राहून राहून खेळ कळायला लागला अशीच असते. आणि पहिल्या वर्षी जवळपास प्रत्येकजण एकाच जागी अडखळतो, स्नॅपच्या आधीची हालचाल. स्नॅप म्हणजे जमिनीवरचा बॉल मागे देऊन खेळ सुरू करणं. पास इंटरफिअरन्स, होल्डिंग असले फाउल ओळखणं कठीण वाटतं पण तिथे निदान थोडा विचार करायला वेळ असतो. इथे तो अजिबात नसतो.

चूक एकच आहे आणि ती सगळे करतात, मीही दोन सीझन केली. कुणीतरी हललं की हात कमरेच्या फ्लॅगकडे, म्हणजे फाउल दाखवायला टाकायच्या रुमालाकडे जातो. अहो पण हलायला परवानगी आहे! ऑफेन्सचे, म्हणजे बॉल ज्यांच्याकडे आहे त्या टीमचे खेळाडू (समोरची टीम म्हणजे डिफेन्स) स्नॅपच्या आधी पुष्कळ हलू शकतात. प्रश्न असा असतो की हलण्याआधी सगळे थांबले होते का, किती वेळ थांबले होते, आणि मग हलला तो नक्की कोण होता. थांबणं तुमच्या नजरेतून सुटलं असेल तर नंतरच्या हलण्यावर तुम्ही दिलेला निर्णय म्हणजे अंदाज झाला. म्हणून हा सगळा लेख आधी थांबणं बघा आणि मग हलणं बघा या क्रमावर लिहिलाय.

नियम मी हायस्कूलचे म्हणजे एनएफएचएस या राष्ट्रीय संघटनेचे धरलेत. टेक्सासवाल्यांनी लक्षात ठेवा की तुमच्याकडे हायस्कूललाही कॉलेजचे म्हणजे एनसीएएचे नियम चालतात, त्यामुळे खालच्या काही गोष्टी तुम्हाला लागू नाहीत. कॅनडात तर मामलाच वेगळा आहे, तिथे बॅक्स, म्हणजे बॉलच्या रेषेवर न राहता मागे उभे असणारे ऑफेन्सचे खेळाडू, पळत पळत पुढे येतात आणि स्नॅप होतो, आणि ते नियमात बसतं. आणि भारतात किंवा इकडे जे फ्लॅग फुटबॉल करतात त्यांची नियमपुस्तिका स्वतंत्र असते, हे तिकडे जसंच्या तसं नेऊ नका.

तयारी: मॅचच्या आधीच्या आठवड्यात

नियमपुस्तकातला सातवा नियम वाचा. पूर्ण वाचा, मोठ्याने वाचला तर अजून चांगलं. स्नॅप, फॉर्मेशन, मोशन, शिफ्ट हे सगळं तिथे आहे आणि पानं फार नाहीत. वाचताना चार शब्दांचे अर्थ स्वतःच्या भाषेत वहीत लिहून काढा, कारण घोटाळा शब्दांतच होतो:

फॉल्स स्टार्ट म्हणजे ऑफेन्सच्या खेळाडूने स्नॅप झाल्यासारखी हालचाल करणं, किंवा समोरच्याला फसवून पुढे ओढण्यासाठी काही करणं, किंवा जमिनीला हात लावून बसलेल्या आतल्या लाइनमनने (म्हणजे बॉलच्या रेषेवरच्या, पण टोकाला नसलेल्या खेळाडूने) हात उचलणं किंवा झटका देणं. आपल्याला हे समजायला सोपं जातं कारण आपण खो-खो खेळलोय. खो मिळायच्या आधी उठलास तर फाउल, उठून परत बसलास तरी फाउल. तसंच.

शिफ्ट म्हणजे एक किंवा जास्त खेळाडूंनी जागा बदलून नवीन जागी स्थिर होणं. मोशन म्हणजे एक खेळाडू स्नॅपच्या क्षणीही चालता किंवा पळता असणं. आणि एन्क्रोचमेंट म्हणजे न्यूट्रल झोनमध्ये, दोन टीममधल्या बॉलच्या लांबीएवढ्या पट्टीत घुसणं.

टीव्हीवरचा फुटबॉल बघून शिकलेल्यांना एक कळकळीची सूचना. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) डिफेन्सचा माणूस पुढे आला, कुणाला लागला नाही आणि स्नॅपच्या आधी परत गेला तर चालतं, आणि गेला नाही तर पुष्कळदा शिट्टी न वाजता खेळ चालू राहतो, मग क्वार्टरबॅक (बॉल घेऊन खेळी चालवणारा) बिनधास्त लांब पास टाकतो, ती फुकटची खेळी तुम्ही शंभर वेळा बघितली असेल. हायस्कूलला ती खेळी नाहीच. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचं निम्मं सोपं.

पायरी १: क्रूबरोबरची (सगळ्या पंचांबरोबरची) बैठक

मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये किंवा पार्किंगमध्ये गाडीला टेकून का होईना, पण ही चर्चा झालीच पाहिजे. तीन प्रश्न विचारा.

मोशनमधला माणूस कुणाचा? साधारण पद्धत अशी की तो ज्या विंग ऑफिशियलपासून, म्हणजे साइडलाइनवरच्या पंचापासून दूर पळतोय त्या विंगने त्याच्यावर नजर ठेवायची, कारण ज्याच्या अंगावर तो येतोय त्याला तो पुढे सरकतोय की आडवा हे नीट दिसत नाही. पण क्रूगणिक फरक असतो म्हणून विचारून घ्या.

एक सेकंदाची मोजणी कोण करणार? रेफरी म्हणजे मुख्य पंच ऑफेन्सच्या मागे उभा असल्यामुळे त्याला सगळे बॅक्स समोर दिसतात, विंगला आपल्या बाजूचे दिसतात. दोघांनीही मोजायचं, पण फ्लॅग टाकायची पहिली जबाबदारी कुणाची हे ठरवा.

आणि तिसरा, हात जमिनीच्या "जवळ" म्हणजे किती जवळ? नियमात जमिनीवर किंवा जमिनीजवळ असं म्हटलंय. आमच्या क्रूमध्ये गुडघ्याच्या खाली गेलेला हात म्हणजे जवळ असं धरतो. तुमच्याकडे वेगळं असेल तर तसं, पण पाचही जणांचं एकच हवं, नाहीतर एका बाजूच्या गार्डला (बॉल मागे देणाऱ्याच्या शेजारच्या लाइनमनला) फ्लॅग पडतो आणि दुसऱ्या बाजूच्याला नाही आणि मग कोच ओरडतो तेव्हा त्याचं बरोबर असतं.

पायरी २: उभं कुठे राहायचं

विंग असाल तर बॉलच्या रेषेत, साइडलाइनवर, न्यूट्रल झोनच्या दोन्ही कडा दिसतील असे. न्यूट्रल झोन म्हणजे बॉलच्या दोन टोकांमधली पट्टी, रुंदी जेमतेम ११ इंच, म्हणजे तुम्ही अर्धा यार्ड जरी पुढेमागे उभे राहिलात तरी कोन बदलला आणि निर्णय चुकला. बॉल खाली ठेवला की पाय आधी जुळवा, मग बाकी सगळं. बाहेरच्या रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) तुमच्या पायावरून लाइन कळते, तो "आय गुड?" म्हणून हात करतो, त्याला सरळ सांगा लाइनवर आहेस की मागे आहेस. यात कोचिंग काही होत नाही, उलट एक फाउल वाचतो.

अंपायर (आतली लाइन बघणारा पंच) असाल तर तुम्हाला स्नॅपर (बॉल मागे देणारा) आणि दोन्ही गार्ड यांच्यापलीकडे बघायचं नाही. रेफरीला क्वार्टरबॅक, बॅक्स आणि त्याच्या बाजूचा टॅकल (गार्डच्या बाहेरचा लाइनमन).

तपासा: बॉलवर स्नॅपरचा हात दिसतोय का? दिसत नसेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात.

पायरी ३: मोजणी, झटपट

रेफरी आणि अंपायर ऑफेन्स मोजतात, ११ झाले की मूठ बाहेर. विंगने आपल्या बाजूचा सगळ्यात बाहेरचा रिसीव्हर लाइनवर नसेल तर मागच्या बाजूला हात लांब करून समोरच्या विंगला खूण द्यायची.

इथे फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. "लाइनवर सातजण हवेत" असं बेंचवरून कायम ओरडतात. हायस्कूलला आता मोजायचं असतं ते मागचं: बॅक्स चारपेक्षा जास्त नकोत, आणि लाइनवर कमीत कमी पाच जण ५० ते ७९ नंबरचे हवेत, किकच्या फॉर्मेशनला नंबरांची सूट असते ती वेगळी. म्हणजे टीमने चुकून दहाच माणसं आणली, सहा लाइनवर आणि चार मागे, तरी फाउल नाही. चार मोजणं सातपेक्षा सोपं आहे, मागचे मोजा.

पायरी ४: थांबणं पकडा

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

हडल (खेळी ठरवायला केलेला घोळका) मोडून टीम आली किंवा शिफ्ट केली, की त्यानंतर ऑफेन्सच्या सगळ्या ११ जणांनी एकाच वेळी पूर्ण स्थिर व्हायचं, हात पाय डोकं अंग काही हलता कामा नये, आणि कमीत कमी एक सेकंद तसंच राहायचं. एकाच वेळी हा शब्द विसरू नका. दहा जण दोन सेकंद थांबले आणि अकरावा तेवढा वेळ आपल्या जागी चालत जात होता, तर मोजणी तो थांबल्यावर सुरू होते. त्याआधीचे दोन सेकंद जमेला धरायचे नाहीत.

मोजायचं कसं? मनात "एक हजार एक" म्हणा, घाई न करता. नवीन ऑफिशियल काय करतो, लाइन बसली की लगेच मोजायला लागतो आणि त्याच वेळी लांबचा रिसीव्हर अजून पाय जुळवत असतो. म्हणून मोजणी सुरू करायच्या आधी शेवटचा हलणारा माणूस शोधा. बहुतेक वेळा तो एकतर सगळ्यात बाहेरचा रिसीव्हर असतो नाहीतर क्वार्टरबॅकच्या शेजारचा बॅक ज्याला जागा बदलायला सांगितलेली असते. त्याच्यावर नजर ठेवा, तो थांबला की म्हणा एक हजार एक.

आता यातून काय काय निघतं ते बघा. घाईत असलेली टीम, घड्याळ संपत आलंय, सगळे धावत लाइनवर आले आणि कुणी सेकंदभर थांबायच्या आत स्नॅप. इललीगल शिफ्ट. दोन बॅक्सनी एकदम जागा बदलली, एक थांबला, दुसरा चालूच राहिला आणि बॉल गेला. इललीगल शिफ्ट, कारण दोघे हलल्यानंतर सगळे मिळून एक सेकंद थांबलेच नाहीत. आणि सगळ्यात जास्त सुटणारी केस, टीम हडलमधून आली, नऊ-दहा जण बसले, पण स्लॉटमधला मुलगा (लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधे उभा असलेला) न थांबता तसाच आडवा पळत मोशनमध्ये गेला आणि तो पळत असतानाच स्नॅप. बघताना हे अगदी नेहमीच्या मोशनसारखं दिसतं, एकच माणूस, आडवा, सुरेख. पण ११ जण एकत्र कधी थांबलेच नव्हते, म्हणून हीसुद्धा शिफ्टचीच चूक. थांबणं बघितलं नसेल तर हा फाउल तुम्हाला जन्मात सापडणार नाही.

इशारा: पाऊण सेकंद की एक सेकंद यावर कीस पाडू नका. खटकेल इतकं कमी थांबले असतील तरच फ्लॅग. शंका असेल तर थांबले होते असं धरा आणि पुढच्या डाऊनच्या (खेळीच्या) आधी त्या बाजूच्या कोचला शांतपणे सांगा की तुमचा नंबर अमुक थांबत नाहीये. बहुतेक कोच ऐकतात, खरंच ऐकतात.

पायरी ५: हलला तो कोण?

सगळे थांबले. आता कुणीतरी हललं. लगेच शिट्टी नको, आधी तो कोण आहे. हे अर्ध्या सेकंदात करायचं असतं म्हणून घरी सराव लागतो, ते शेवटी सांगतो.

आतला लाइनमन, म्हणजे स्नॅपर आणि लाइनच्या टोकाचा माणूस यांच्या मधले, सहसा गार्ड आणि टॅकल. याने हात जमिनीला लावला की तो बांधला गेला. हात उचलला, फाउल. झटका दिला, फाउल. हळूच उचलला तरी फाउल. कारण विचारायचं नाही, विसरला असेल, स्टान्स नीट नसेल, माशी बसली असेल, सगळ्याला एकच उत्तर.

तोच गार्ड दोन पायांवर, हात मांडीवर ठेवून उभा असेल तर एवढी सक्ती नाही. तो बोट करून लाइनबॅकर (डिफेन्सच्या लाइनमागचा खेळाडू) दाखवू शकतो, शेजारच्याशी बोलू शकतो, सावकाश वळू शकतो. पण पास ब्लॉकसाठी मागे जायला एकदम उसळी मारली आणि बॉल अजून जमिनीवर, तर ते स्नॅप झाल्यासारखंच वागणं झालं, फाउल. आजकाल बऱ्याच टीम दोन पायांवरच उभ्या राहतात त्यामुळे सावकाश आणि झटका यातला फरक डोळ्याला सवयीने कळायला हवा.

लाइनच्या टोकाचा माणूस, टाइट एंड समजा. त्याचा हात जमिनीवर असला तरी वरचं बंधन त्याला नाही! तो उठून मागे जाऊ शकतो, बाजूला सरकू शकतो, ती शिफ्ट झाली, मग पुन्हा सगळ्यांनी एक सेकंद थांबायचं. पहिल्या वर्षी इथे चुकीचे फ्लॅग खूप पडतात आणि ते कोचच्या बरोबर लक्षात राहतात. अर्थात त्यानेही चार्ज केल्यासारखा धक्का दिला तर सूट संपली.

बॅक्स आणि क्वार्टरबॅक. रनिंग बॅक नुसता एक पाऊल बाजूला सरकला तर काही नाही, पुन्हा थांबला की झालं. पण स्नॅपचा आवाज चुकून ऐकून तो पुढे उडालाच, तर फॉल्स स्टार्ट. क्वार्टरबॅकने डोकं जोरात खाली घालणं, खांदे झटकणं, सेंटरखाली (म्हणजे स्नॅपरखाली) हात एकदम पुढे ढकलणं, हे समोरच्याला उचकवण्यासाठी असेल तर फॉल्स स्टार्ट. आवाज कमीजास्त करायला मात्र परवानगी आहे, तो कितीही फसवा असू दे.

आणि स्नॅपर. एकदा बॉलवर हात ठेवल्यावर दोन्ही हात काढायचे नाहीत, स्नॅपची खोटी हालचाल करायची नाही. पाय न्यूट्रल झोनच्या मागे, आणि बॉलवरचे हात सोडले तर अंगाचा कुठलाही भाग बॉलच्या पुढच्या टोकापलीकडे नको. हे अंपायरचं काम, विंगने त्यात पडू नये.

तपासा: फ्लॅग टाकण्याआधी मनात त्याचा नंबर आला का? नंबर येत नसेल तर कदाचित तुम्ही माणूस बघितलाच नाही, नुसती हालचाल बघितली.

पायरी ६: मोशन

स्नॅपच्या क्षणी एकच माणूस चालता असू शकतो आणि तो समोरच्यांच्या गोललाइनकडे जाता कामा नये. आडवा किंवा मागे, बस. दोघे चालते असताना स्नॅप झाला तर फाउल.

गंमत जेट स्वीपमध्ये असते. मुलगा वेगात आडवा येतो, स्नॅप होणार म्हणून शेवटच्या पावलाला खांदे वळवतो आणि पुढे झुकतो. निर्णय स्नॅपच्या त्या क्षणाचा आहे, त्याआधीचा नाही आणि नंतरचा तर नाहीच. क्रिकेटचा अंपायर कसा आधी बोलरचा पुढचा पाय बघतो आणि मग नजर वर उचलतो, इथे उलटं, नजर माणसावर आणि बॉल डोळ्याच्या कोपऱ्यात. बॉल हलला त्या क्षणी त्याचे पाय आणि कंबर कुठल्या दिशेला होती ते बघा. नुसते खांदे वळले असतील आणि पाऊल आडवंच असेल तर सोडा. पाऊल पुढे पडलं असेल तर इललीगल मोशन.

लाइनवरून मोशनमध्ये गेलेला माणूस हा दुसरा खड्डा. टाइट एंड किंवा लाइनवरचा रिसीव्हर उठला आणि थेट मोशनमध्ये गेला, तर स्नॅपच्या वेळी तो लाइनपासून कमीत कमी ५ यार्ड मागे हवा. नाहीतर त्याने आधी एक पाऊल मागे येऊन बॅकच्या जागी पूर्ण एक सेकंद थांबायला हवं आणि मग जायचं. बहुतेक मुलं मागे येतात खरी, पण थांबत नाहीत, वळसा घालून तशीच निघतात. हा फाउल पकडायचा असेल तर सुरुवातीलाच माहीत हवं की तो मुळात लाइनवर होता की मागे, म्हणून पायरी ३ मधली हाताची खूण. सगळं एकमेकांत असं अडकलेलं आहे.

इशारा: मोशनच्या माणसामागे नजर पळवत नेऊ नका. तो दूर गेला की तुमच्या बाजूचा टॅकल आणि न्यूट्रल झोन उघडा पडतो.

पायरी ७: डिफेन्स

बॉल रेडी झाला आणि स्नॅपरने हात ठेवला, त्यानंतर दुसरं कुणीही न्यूट्रल झोनच्या पट्टीत शिरलं की एन्क्रोचमेंट. लगेच शिट्टी. परत गेला तरी, कुणाला लागला नाही तरी, आणि स्नॅप त्याच क्षणी झाला तरी. खेळ सुरूच होत नाही. स्नॅपरचा हात अजून बॉलवर नसेल आणि डिफेन्सचा मुलगा चुकून पट्टीत उभा असेल तर त्याला मागे जायला वेळ आहे, "वॉच द बॉल, बॅक अप" एवढं सांगा, लहान मुलांच्या मॅचला तर जरूर सांगा.

आता खरी डोकेदुखी. डिफेन्सचा टॅकल पुढे आला आणि गार्डही उडाला. कुणाचा फाउल? जो आधी त्याचा. डिफेन्सवाला पट्टीत शिरला आणि म्हणून गार्ड उठला, तर पहिल्या फाउललाच बॉल डेड झाला, गार्डचं नंतरचं विसरायचं. गार्ड आधी उठला आणि ते बघून डिफेन्सवाला आत आला, तर फॉल्स स्टार्ट. डिफेन्सवाला आपल्या बाजूलाच नुसता सरकला, पट्टीत आलाच नाही आणि गार्ड घाबरून उठला, तरी साधारणपणे फॉल्स स्टार्टच.

मात्र डिफेन्सने क्वार्टरबॅकसारखं "हट" ओरडून किंवा मुद्दाम काही करून ऑफेन्सला उडवलं तर ते ५ यार्डांचं प्रकरण राहत नाही, बेशिस्त वर्तनाचे १५ यार्ड आहेत. यासाठी रेफरीला विचारा, एकट्याने ठरवू नका.

दोन विंगचं मत वेगळं असेल, एकाने फॉल्स स्टार्ट आणि दुसऱ्याने एन्क्रोचमेंट धरलं असेल, तर दोघे धावत मध्ये या, अंपायरला घ्या, आणि एकच प्रश्न, आधी कोण. ज्याला खात्री आहे त्याचं घ्या. हातवारे करून लांबून वाद घालू नका, सगळं गाव बघत असतं.

पायरी ८: शिट्टी की नुसता फ्लॅग

ही चूक माझ्या हातून झाली म्हणून जरा जास्त लिहितो. फ्रेशमनची (नववीच्या मुलांची) मॅच, तिसरा डाऊन, ऑफेन्सचे दोघे एकदम हलले, थांबले नाहीत, स्नॅप झाला. मी इललीगल शिफ्ट बरोबर पकडली, फ्लॅग टाकला, आणि फ्लॅगबरोबर शिट्टी पण वाजवली. बॉल तेव्हा हवेत होता आणि पुढच्याच क्षणी डिफेन्सच्या मुलाने तो पकडला, समोर मोकळं मैदान. पण पास हवेत असताना शिट्टी गेलेली, त्यामुळे इंटरसेप्शन काही मिळालं नाही, डाऊन परत खेळवावा लागला. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. त्याने सगळं बरोबर केलं होतं.

म्हणून हे पाठ करा, अक्षरशः पाढ्यासारखं:

शिट्टी आणि फ्लॅग: फॉल्स स्टार्ट, एन्क्रोचमेंट, स्नॅपरच्या चुका. या डेड बॉल आहेत, खेळ सुरू होऊच द्यायचा नाही. शिट्टी एकदाच फुंकून थांबू नका, जोरात, पुन्हा पुन्हा, आणि धावत आत या, कारण हेल्मेटमध्ये मुलांना ऐकू येत नाही आणि शिट्टीनंतरच्या धडकेत मुलं जखमी होतात.

नुसता फ्लॅग, तोंडात शिट्टी नाही: इललीगल शिफ्ट, इललीगल मोशन, इललीगल फॉर्मेशन. हे फाउल स्नॅपच्या क्षणी होतात, खेळ चालू राहतो, शेवटी समोरच्या कोचला निवड मिळते, दंड घ्यायचा की नको.

मी आता शिट्टी तोंडात ठेवतच नाही, बोटाला अडकवलेली वापरतो. ती तोंडापर्यंत न्यायला जो क्षण लागतो तेवढ्यात डोकं विचारतं की डेड की लाइव्ह. विंगवरच्या सगळ्यांनी हेच करावं असं माझं ठाम मत आहे.

तपासा: हलणारा माणूस स्नॅपच्या आधीच फाउल करून बसला का, की स्नॅप झाला म्हणून फाउल झाला? पहिलं असेल तर शिट्टी. दुसरं असेल तर हात खाली.

पायरी ९: रिपोर्ट आणि दंड

रेफरीकडे जाऊन तीन गोष्टी, याच क्रमाने: डेड की लाइव्ह, फाउल काय, कुणाचा आणि नंबर. "डेड बॉल, फॉल्स स्टार्ट, ऑफेन्स ७४." गोष्ट सांगत बसायचं नाही.

रेफरी असाल तर खुणा अशा. फॉल्स स्टार्ट आणि इललीगल फॉर्मेशनला हात छातीसमोर एकमेकांभोवती फिरवायचे, एन्क्रोचमेंटला दोन्ही हात कमरेवर, मोशनला एक हात आडवा फिरवायचा आणि शिफ्टला दोन्ही.

हे सगळे ५ यार्डांचे. चौथा डाऊन आणि २ होता (म्हणजे नव्या पहिल्या डाऊनला २ यार्ड बाकी), फॉल्स स्टार्ट झाला, तर चौथा आणि ७. तिसरा आणि ४ ला एन्क्रोचमेंट झालं तर ५ यार्डांत लाइन पार झाली, पहिला डाऊन. गोललाइन जवळ असेल तर अर्ध्या अंतराचा नियम विसरू नका, बॉल ६ यार्डांवर असताना डिफेन्सने एन्क्रोचमेंट केलं तर ३ च यार्ड जायचं. मोशन, शिफ्टसारख्या लाइव्ह फाउलचा दंड स्नॅप झाला त्या जागेवरून आणि डाऊन परत. चेनवाल्यांना (अंतराची साखळी धरणाऱ्यांना) आणि डाऊन दाखवणाऱ्याला रेफरीने सांगेपर्यंत हलू देऊ नका.

घरचा सराव

मुलाच्या किंवा शेजारच्या शाळेच्या मॅचचा कुठलाही व्हिडिओ घ्या, आवाज बंद करा, कारण आवाज असला की तुम्ही शिट्टीची वाट बघता. प्रत्येक प्लेला शेवटचा हलणारा माणूस शोधा, तो थांबला की "एक हजार एक" म्हणा, बॉल हलला की व्हिडिओ थांबवा. मग वहीत तीन खाने: सगळे थांबले होते का, स्नॅपला कोण हलत होतं, शिट्टी की नुसता फ्लॅग. वीस प्ले रोज, दहा मिनिटं लागतात. बहुतेक प्लेला काहीच फाउल नसतो आणि तसंच असायला हवं, डोळ्याला आधी नियमात बसणारी हालचाल ओळखीची झाली पाहिजे. पहिल्या दोन दिवसांत तुम्ही बॉल हलल्यावर अर्धा सेकंद उशिराच थांबवाल. आठवड्याभरात तो उशीर कमी झालेला दिसेल, मग पुढच्या आठवड्यात फक्त लाइनच्या टोकाचे दोघे बघा, त्यानंतर फक्त गार्ड, आणि शेवटी सगळे एकदम.